वीज कडाडली, तरी फोन बोलतो कसा?



पूर्णा जंक्शनहून नांदेडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर चुडावा हे परभणी जिल्ह्यातील गाव लागते. सभोवार काळी जमीन आणि कापसा-सोयाबीनची शेते. अशा गावातील मे महिन्याच्या अखेरची एक दुपार डोळ्यांपुढे आणा. सकाळपासून अंगाची काहिली होत होती. तीन-साडेतीनला पश्चिमेकडे काळे ढग चढू लागले, वावटळ उठली आणि घरातले पंखे थांबले. वीजपुरवठा गेला. आता लांबवर गडगडाटही ऐकू येऊ लागला आहे. शेतात नांगरटीला गेलेल्या माणसाला परत बोलवायचे आहे. घरच्यांनी फोन लावला आणि तो लागला!

ह्या शेवटच्या वाक्यात आपल्याला काहीच नवल वाटत नाही. पण थोडा विचार करा. घरातला दिवा विझला, पंखा थांबला, मग फोनचा मनोरा कशावर चालला? आणि तो मनोरा तर गावातली सर्वांत उंच वस्तू, म्हणजे विजेला जणू आमंत्रणच. तरी त्याच्या पायथ्याशी असलेली नाजूक यंत्रे जळून का गेली नाहीत?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. मराठवाड्यात पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसे व जनावरे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप तयार केले आहे. आसपास विजा पडण्याचा संभव असेल, तर ते फोनवर इशारा देते. पण गंमत पाहा. ज्या विजेपासून सावध करावयाचे, तीच वीज इशारा पोहोचविणाऱ्या यंत्रणेवर घाला घालू शकते. मनोरा ऐन वादळात मुका झाला, तर दामिनीचा इशारा पोहोचणार नाही आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकही लागणार नाही. म्हणून ह्या यंत्रणेला वीज पुरविणाऱ्या भागाचे रक्षण कसे करतात, ते आज आपण पाहू.

घरात २३० व्होल्ट, मनोऱ्यात ४८

मनोऱ्याच्या पायथ्याशी एक मोठे कपाट असते. वीजमंडळाच्या तारेतून त्यात २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. ह्या प्रवाहाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. कपाटातील एकदिशकारक, म्हणजेच रेक्टिफायर, त्याचे सुमारे ५४ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. हा प्रवाह तांब्याच्या एका जाड पट्टीवर येतो. तिला आपण वाटपपट्टी म्हणू. वाटपपट्टीपासून निरनिराळ्या यंत्रांकडे तारा जातात आणि त्याच पट्टीला घटमाला, म्हणजे बॅटरी, कायमची जोडलेली असते.

'कायमची' हा शब्द महत्त्वाचा आहे. पुरवठा गेल्यावर कोणी खटका दाबून बॅटरी जोडत नाही. ती आधीपासूनच जोडलेली असते. पुरवठा असताना ती भरत राहते आणि पुरवठा जाताच, क्षणाचाही खंड न पडता, तीच यंत्रांना वीज देऊ लागते.

४८ हा आकडा कोठून आला? शिशाच्या एका घटाचा दाब साधारण २ व्होल्ट असतो. असे २४ घट ओळीने जोडले की २४ × २ = ४८ व्होल्ट. घट भरलेला ठेवण्यासाठी त्याला २ व्होल्टपेक्षा थोडा अधिक, सुमारे २.२५ व्होल्ट दाब द्यावा लागतो. २४ × २.२५ = ५४. म्हणून पुरवठा असताना वाटपपट्टीवर ५४ व्होल्ट दिसतात.

शिशाचा संचायक घट फ्रान्समधील गास्ताँ प्लांते ह्यांनी १८५९ साली तयार केला. मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले ते १८८२ च्या जानेवारीत. पुढे केंद्रातील एकाच मोठ्या बॅटरीवरून सर्व ग्राहकांच्या फोनना वीज देण्याची पद्धत रूढ झाली आणि त्यासाठी ४८ व्होल्ट हा दाब सोयीचा ठरला. लांबच्या तारेतूनही पुरेसा प्रवाह जावा इतका तो मोठा आहे, आणि तारांवर काम करणाऱ्यास सहसा प्राणघातक झटका बसू नये इतका लहान. भारतात १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे स्वयंचलित केंद्र तयार केले. त्यांतील पहिले केंद्र १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. तेही ४८ व्होल्टवरच चालणारे. आज काळ बदलला, तारा जाऊन मनोरे आले, तरी मनोऱ्यावरील यंत्रांचा दाब बहुतेक ठिकाणी ४८ व्होल्टच राहिला आहे.

धन टोक जमिनीला का?

तंत्रज्ञ ह्या दाबाला 'उणे ४८' म्हणतात. मोटारगाडीत बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडतात. येथे त्याच्या उलट. धन टोक जमिनीला जोडतात. त्यामुळे जमिनीचा दाब शून्य धरला, तर दुसरी तार उणे ४८ व्होल्टवर असते.

ह्याचे कारण तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले आहे. मोरचुदाच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून विद्युत् प्रवाह सोडला, की धन पट्टी विरघळत जाते आणि ऋण पट्टीवर तांबे साचते. पूर्वीच्या दूरध्वनीच्या तारा मैलोन्‌मैल जमिनीखालून जात. तारेच्या वेष्टनाला कोठे चीर पडून ओल शिरली, की ओली माती हेच द्रावण होई. तार धन असती, तर तिचे तांबे हळूहळू विरघळून ती तुटली असती. तार ऋण ठेवल्याने ती टिकते. झीज व्हायचीच असेल तर ती जमिनीत पुरलेल्या जाड पट्टीची होते. ती पट्टी बदलता येते, पुरलेली मैलभर तार बदलणे मात्र फार जड जाते.

आत येणाऱ्या दारावर पहारा

आता रक्षणाकडे वळू. आपल्या कपाटाला दोन दारे आहेत. एकातून वीज आत येते, दुसऱ्यातून यंत्रांकडे जाते. दोन्ही दारांवर पहारा हवा, पण दोन्हीकडचे शत्रू निराळे आहेत.

आत येणाऱ्या दारावरचे शत्रू दोन प्रकारचे असतात. पहिला फार जोरदार पण क्षणभराचा. जवळपास वीज पडली, की तारांवर काही हजार व्होल्टचा धक्का येतो आणि एका सेकंदाच्या काही लक्षांश भागात संपतो. दुसरा बेताचा पण चिवट. समजा, वादळात तीन फेजच्या तारांमधील न्यूट्रल तार तुटली. मग ज्या यंत्राला फेज आणि न्यूट्रल ह्यांमधील २३० व्होल्ट मिळत होते, त्याच्यावर दोन फेजमधील दाबाचा मोठा वाटा येऊ शकतो. दोन फेजमधील दाब २३० × १.७३ म्हणजे सुमारे ४०० व्होल्ट असतो. हा दाब वायरमन येईपर्यंत तासन्‌तास राहू शकतो.

पहिल्या शत्रूसाठी झिंक ऑक्साइडची चकती वापरतात. ही चकती फेज व न्यूट्रल ह्यांच्यामध्ये आडवी जोडलेली असते. नेहमीच्या दाबाला तिचा रोध प्रचंड असतो आणि तिच्यातून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही. पण दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की तिचा रोध एकदम घसरतो आणि जादा प्रवाह तिच्यातून निघून जातो. धरणाच्या सांडव्यासारखेच हे आहे. येलदरीचे पाणी पातळीखाली असेपर्यंत सांडवा कोरडा असतो. पातळी ओलांडली की जादा पाणी त्यावरून वाहून जाते आणि धरण सुरक्षित राहते.

दुसरे साधन वायूची नळी. बंद नळीत दोन अग्रे आणि त्यांच्यामध्ये वायू. दाब वाढला की वायूतून ठिणगी उडते आणि नळी फार मोठा प्रवाह वाहून नेते. मात्र ती चकतीपेक्षा थोडी उशिरा जागी होते. तिच्यात आणखी एक खोड आहे. एकदा पेटल्यावर ती थोड्याशा दाबावरही पेटलेली राहते. ती फेज आणि न्यूट्रल ह्यांच्यामध्ये लावली, तर धक्का निघून गेल्यावरही वीजमंडळाचा प्रवाह तिच्यातून वाहू लागेल. चोर गेला, पण दार उघडेच राहिले, असा प्रकार! म्हणून तिची जागा बहुधा न्यूट्रल आणि जमीन ह्यांच्यामध्ये असते. तेथे एरवी दाब नसतोच.

पण दुसऱ्या, चिवट शत्रूपुढे चकतीचा उपयोग नाही. सांडव्यावरून पूर जाऊ शकतो, सारी नदी बारा महिने वाहवता येत नाही. जादा दाब टिकून राहिला, तर चकती तापून जळेल. तेथे उपाय एकच, जोडणी तोडणे. म्हणून आजचा एकदिशकारक आत येणारा दाब सतत मोजत असतो. दाब मर्यादेबाहेर गेला की तो स्वतः थांबतो आणि भार बॅटरीवर सोपवितो. दाब ठिकाणावर आला, की थोडा वेळ वाट पाहून तो पुन्हा सुरू होतो, आणि तोही एकदम नव्हे, तर हळूहळू. कारण पुरवठा परत येताच सर्व यंत्रांनी एकाच वेळी प्रवाह ओढला, तर त्या ओढीनेच खटका पडेल.

चकतीही अमर नसते. प्रत्येक धक्क्याने ती थोडी थोडी झिजते. म्हणून तिच्या डबीवर लहानशी खिडकी असते. हिरवा रंग दिसला तर ठीक. लाल दिसला तर चकती निकामी झाली, ती बदलावयास हवी. लाल खिडकीकडे महिनोन्‌महिने कोणी पाहिलेच नाही, तर पुढच्या वादळात दारावर पहारेकरीच नसतो.

एक मीटर तारेचा हिशेब

आता एक गणित करू. चकतीतून निघालेला प्रवाह जमिनीत सोडण्यासाठी तांब्याची तार लागते. तांब्याचा रोध अगदी थोडा. मग ही तार एक मीटर असली काय आणि पाच मीटर असली काय, काय बिघडते?

बिघडते, आणि पुष्कळच. कोणत्याही तारेला रोधाखेरीज प्रवर्तन असते. प्रवाह एकाएकी बदलू लागला, की तार त्या बदलाला विरोध करते. एक मीटर सरळ तारेचे प्रवर्तन सुमारे १ मायक्रोहेन्री धरा. विजेच्या धक्क्याने तिच्यातील प्रवाह १० मायक्रोसेकंदांत शून्यापासून १०,००० अँपिअरपर्यंत चढला, असे समजा. तारेच्या दोन टोकांमधील दाब म्हणजे प्रवर्तन गुणिले प्रवाह वाढण्याचा वेग. प्रवाह वाढण्याचा वेग झाला सेकंदाला १०० कोटी अँपिअर. त्याला एक दशलक्षांश हेन्रीने गुणा. उत्तर येते १,००० व्होल्ट!

म्हणजे प्रत्येक मीटरमागे हजार व्होल्ट. पाच मीटर तार ऐटीत भिंतीवरून वळवून नेली, तर पाच हजार. चकतीने कितीही चोख काम केले, तरी हा दाब यंत्रावर येणारच. ह्यावरून नियम निघतो: जमिनीकडे जाणारी तार आखूड आणि सरळ असावी. तिला वेटोळी घालू नयेत. उरलेल्या तारेची गुंडाळी करून खिळ्याला टांगणारा वायरमन नीटनेटका दिसतो खरा, पण ती गुंडाळी म्हणजे विजेच्या वाटेतला बांधच.

काळी माती आणि गोदेच्या होड्या

जमिनीत गेल्यावर तरी प्रश्न संपला का? नाही. मातीलाही रोध असतो. समजा, भूसंपर्काचा, म्हणजे अर्थिंगचा, रोध २ ओहम आहे आणि मनोऱ्यावरून २०,००० अँपिअर प्रवाह जमिनीत गेला. ओहमच्या नियमाने २ × २०,००० = ४०,००० व्होल्ट. म्हणजे क्षणभर मनोऱ्याच्या पायाचा दाबच दूरच्या जमिनीच्या मानाने चाळीस हजार व्होल्टने वर जातो!

आता मनोऱ्याचे अर्थिंग एका खड्ड्यात, वीजमंडळाच्या जोडणीचे दुसऱ्यात आणि यंत्रांचे तिसऱ्यात, असे वेगवेगळे केले असेल तर? एक खड्डा एकदम वर उचलला जाईल, दुसरे खाली राहतील, आणि मधला हजारो व्होल्टचा फरक यंत्रांवर येईल. गोदावरीला पूर आला की घाटावरच्या होड्यांचे काय होते ते आठवा. एकमेकींना बांधलेल्या होड्या पाण्याबरोबर एकत्र वर चढतात, त्यांना इजा होत नाही. एक होडी तळाच्या खांबाला घट्ट जखडून ठेवलेली आणि दुसरी मोकळी असेल, तर मधला दोर तुटतो. म्हणून सर्व अर्थिंग जाड पट्टीने एकमेकांना जोडतात. दाब चढला तर सर्वांचा सारखाच चढतो, आणि फरक नसेल तर प्रवाहही नसतो. तारेवर बसलेल्या चिमणीला झटका का बसत नाही, ह्याचे उत्तरही हेच.

आपल्या भागातील काळ्या मातीचा एक विशेष स्वभाव आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात मात्र ती आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. पुरलेल्या पट्टीपासून माती सुटते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. आणि विजा केव्हा येतात? नेमक्या मे-जूनमध्ये, जमीन सर्वांत कोरडी असताना! म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ व कोळसा घालण्याची आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतण्याची जुनी पद्धत आहे. हल्ली ओल धरणारी खास मिश्रणेही वापरतात. तुमच्या शाळेच्या आवारातही असा एक खड्डा असेल. त्यात शेवटचे पाणी केव्हा पडले, ते विचारून पाहा.

बॅटरी: आधार आणि धोकाही

आता दुसऱ्या दाराकडे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वाटेकडे वळू. येथे बाहेरचा शत्रू नाही. धोका घरातच आहे, आणि तो आहे आपली लाडकी बॅटरी.

४८ व्होल्टला हात लागला तर सहसा काही होत नाही, म्हणून ही बॅटरी निरुपद्रवी वाटते. पण हिशेब करा. मोठ्या घटाचा अंतर्गत रोध अर्धा मिलीओहम धरला, तर २४ घटांचा १२ मिलीओहम. जोडतारांचे ८ मिलीओहम मिळवा. एकूण २० मिलीओहम, म्हणजे ०.०२ ओहम. चुकून दोन टोकांवर पाना पडला, तर प्रवाह किती? ४८ भागिले ०.०२ = २,४०० अँपिअर! पाना लालबुंद होऊन वितळू लागतो. हातातले कडे किंवा अंगठी मध्ये आली, तर बोट भाजून निघते. म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ बॅटरीवर काम करताना घड्याळ, कडे, अंगठी काढून ठेवतो आणि पान्याच्या दांड्याला रबरी वेष्टन चढवितो.

एकदिशकारकाचा प्रवाह त्याचा तो आवरतो. बॅटरीला तसा लगाम नाही आणि तिला बंद करण्याचा खटकाही नाही. म्हणून तिच्या टोकाच्या अगदी जवळ फ्यूज बसवितात. दूर बसविला, तर बॅटरी आणि फ्यूज ह्यांच्यामधली तार उघडीच राहिली.

फ्यूज कोणत्या तारेवर बसवावा? घरात आपण तो फेजच्या तारेवर बसवितो, न्यूट्रलवर नाही. येथे धन टोक जमिनीला जोडलेले असल्याने 'जिवंत' तार ऋण आहे. म्हणून फ्यूज ऋण तारेवर. तो धन तारेवर बसविला आणि वितळला, तर यंत्र बंद पडल्यासारखे दिसेल, पण त्याच्यात उणे ४८ व्होल्ट तसेच राहतील आणि प्रवाह परतीसाठी भलतीच वाट शोधील.

कालवा, वितरिका आणि चारी

समजा, पट्टीपासून दहा यंत्रांकडे तारा गेल्या आहेत आणि त्यांपैकी एका यंत्रात बिघाड होऊन मंडल आखूड झाले, म्हणजे शॉर्ट सर्किट झाले. काय व्हावे? फक्त त्याच यंत्राचा फ्यूज जावा, बाकीची नऊ यंत्रे चालू राहावीत. कालव्यापासून वितरिका निघते, वितरिकेपासून चारी. चारी फुटली तर त्या चारीचे दार बंद करावे. त्यासाठी मुख्य कालवाच बंद केला, तर साऱ्या गावांची पिके वाळतील.

हे साधण्यासाठी फ्यूज मोजूनमापून निवडतात. यंत्राच्या वाटेवर १० अँपिअरचा आणि बॅटरीवर १६० अँपिअरचा फ्यूज आहे, असे धरा. बिघाडाने १०० अँपिअर प्रवाह वाहू लागला. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० अँपिअरच्या फ्यूजमध्ये प्रवाह दहापट, म्हणजे उष्णता शंभरपट. तो पाहता पाहता वितळतो. १६० अँपिअरच्या फ्यूजला १०० अँपिअर म्हणजे रोजचेच काम. तो शांत राहतो. प्रवाह २,००० अँपिअर असेल तर मात्र दोघांचीही शर्यत सुरू होते. लहान फ्यूज इतक्या लवकर वितळला पाहिजे, की तोवर मोठा पुरेसा तापलेलाच नसावा. एखाद्याने 'सारखा जातो' म्हणून १० च्या जागी १०० चा फ्यूज बसविला किंवा तारच गुंडाळली, तर ही शर्यत कोण जिंकेल, ते सांगता येणार नाही.

येथे एक खुबी आहे. बॅटरी म्हातारी होऊन तिचा अंतर्गत रोध वाढला, तर बिघाडाच्या वेळी ती पुरेसा प्रवाह देऊ शकत नाही. एकदिशकारक तर मर्यादेपलीकडे देतच नाही. मग फ्यूज वितळत नाही, पट्टीवरचा दाब मात्र कोसळतो आणि सर्वच यंत्रे बंद पडतात. म्हणजे फ्यूज जाण्यासाठीही बॅटरी तगडी असावी लागते!

न विझणारी ठिणगी

फ्यूज वितळला किंवा खटका उघडला, की फटीमध्ये ठिणगी पेटते. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी ठिणगी आपोआप विझते. एकदिश प्रवाह शून्यावर येतच नाही. त्यामुळे ठिणगी ताणली जाऊनही जळत राहते. म्हणून घरातला प्रत्यावर्ती प्रवाहाचा खटका येथे तसाच्या तसा वापरता येत नाही. एकदिश प्रवाहाच्या खटक्यात ठिणगीला ओढून लांब करण्यासाठी चुंबक आणि तिचे तुकडे करण्यासाठी पट्ट्यांची जाळी असते. मोठ्या फ्यूजमध्ये वाळू भरतात. वाळू वितळताना ठिणगीची उष्णता शोषून घेते.

प्रवाह एकाएकी तुटण्याचा आणखी एक परिणाम होतो. विहिरीवरचा पंप थांबला की नळात धाडकन आवाज होतो, हे तुम्ही ऐकले असेल. वाहते पाणी अडले की त्याचा जोर नळावर आदळतो. तारेतील प्रवाहाचेही तसेच. फ्यूज तुटताच तारेच्या प्रवर्तनात साठलेली ऊर्जा पट्टीवर दाबाचा फटका देते. तो पचविण्यासाठी पट्टीजवळ धारित्रे आणि फटका शोषणारे लहान अर्धसंवाहक घटक ठेवतात.

केव्हा थांबावे हेही कळावे

पुरवठा रात्रभर आलाच नाही तर? २०० अँपिअर-तासांची बॅटरी ४० अँपिअरचा भार कागदावर पाच तास वाहील, प्रत्यक्षात त्याहून कमी. दाब उतरत जातो. प्रत्येक घट १.८ व्होल्टवर आला, म्हणजे एकूण २४ × १.८ = ४३.२ व्होल्ट झाले, की थांबायला हवे. त्याखाली ओढत राहिले, तर पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा कठीण थर बसतो आणि बॅटरी कायमची निकामी होऊ शकते. म्हणून एक स्वयंचलित खटका तेथे भार तोडतो. शहाणी यंत्रणा आधी कमी महत्त्वाची यंत्रे सोडते आणि अत्यावश्यक यंत्रे शेवटपर्यंत राखते.

पण भार तोडताच काय होते? अंतर्गत रोधातील दाबाची घट नाहीशी होते आणि बॅटरीचा दाब आपोआप वर चढतो. खटका भोळा असेल, तर '४३.२ च्या वर आला' म्हणून तो पुन्हा भार जोडील, दाब पुन्हा पडेल, पुन्हा तोडील, आणि ही उघडझाप चालूच राहील. म्हणून तोडण्याचा आकडा आणि जोडण्याचा आकडा ह्यांत बरेच अंतर ठेवतात, उदाहरणार्थ, ४३.२ ला तोडा, पण ४८ च्या वर गेल्याशिवाय जोडू नका.

उलट, एकदिशकारक बिघडून दाब फार वाढू लागला, तर बॅटरी व यंत्रे दोन्ही धोक्यात येतात. म्हणून प्रत्येक एकदिशकारक स्वतःचा दाब तपासून मर्यादेपलीकडे गेला की बंद होतो. असे अनेक एकदिशकारक शेजारी शेजारी काम करीत असल्याने एक थांबला तरी बाकीचे भार उचलतात.

आपल्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. शिशाचा घट तापला, की त्याला कमी दाब पुरतो. नेहमीचाच दाब देत राहिले, तर तो आणखी तापतो आणि आतील पाणी उडून जाते. दर अंशामागे प्रत्येक घटाचा दाब सुमारे ३ मिलिव्होल्टने कमी करतात. २५ अंशांऐवजी ४५ अंश तापमान असेल, तर २० × २४ × ०.००३ = १.४४ व्होल्ट. म्हणजे ५४ ऐवजी सुमारे ५२.५ व्होल्ट द्यावयाचे. हल्ली अनेक ठिकाणी लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आहेत. त्यांच्या पेटीतच दाब, प्रवाह आणि तापमान पाहणारा पहारेकरी बसविलेला असतो. साधन बदलले, तत्त्वे तीच राहिली.

करून पाहा

टॉर्चचे दोन साधे सेल, २.५ व्होल्टचे दोन लहान तंतूचे दिवे, थोडी तार आणि भांडी घासावयाची बारीक लोखंडी तारेची घासणी घ्या. प्रयोग फरशीच्या तुकड्यावर, कागद-कपडे दूर ठेवून, शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.

घासणीचा एकच तंतू दिव्याच्या वाटेत जोडा. तो बहुधा दिवा लागतानाच जळून जाईल. मग दोन, तीन, चार तंतू एकत्र घेऊन पाहा. किती तंतूंवर दिवा नीट लागून राहतो, त्याची नोंद करा. हा तुमचा फ्यूज. आता दोन दिवे समांतर जोडा, प्रत्येकाच्या वाटेत असा एक फ्यूज ठेवा आणि सेलजवळ त्याच्या तिप्पट तंतूंचा मुख्य फ्यूज ठेवा. एका दिव्याची दोन टोके तारेने क्षणभर जोडा. त्याच दिव्याचा फ्यूज गेला आणि दुसरा दिवा लागून राहिला, तर तुमची योजना साधली. मुख्य फ्यूजही गेला, तर का गेला? काहीच गेले नाही आणि दोन्ही दिवे मंद झाले, तर सेल जुने असतील काय?

सावधगिरी: हा प्रयोग फक्त टॉर्चच्या साध्या सेलवर करावा. मोटारसायकल, ट्रॅक्टर किंवा इन्व्हर्टरची बॅटरी, मोबाइल फोनचा सेल आणि घरातील वीज ह्यांवर तो कधीही करू नये.

विचार करा

१. भूसंपर्काचा रोध २ ऐवजी ५ ओहम असेल, तर २०,००० अँपिअर प्रवाहाने दाब किती चढेल?

२. बॅटरीचा अंतर्गत रोध १२ वरून ४० मिलीओहम झाला आणि तारांचा ८ च राहिला, तर आखूड मंडलाचा प्रवाह किती?

३. मनोऱ्याच्या अर्थिंगपासून यंत्रांचे अर्थिंग मुद्दाम दूर आणि वेगळे ठेवावे, असे एकाचे म्हणणे आहे. त्याला तुम्ही काय सांगाल?

पुढच्या वेळी ढग दाटून येतील, गावातले दिवे जातील आणि तरीही फोन लागेल, तेव्हा त्या कपाटातील चकती, फ्यूज, आखूड तार आणि ओलसर खड्डा आठवा. विजांचा इशारा मिळाल्यावर मात्र विचार करीत उभे राहू नका. झाडाखाली थांबू नका, मोकळे रान सोडा आणि पक्क्या घराचा आसरा घ्या.